शिळेवरचा आकडा

महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गावाच्या नावातला ‘फौजी’ तीच सांगतो. पहिल्या महायुद्धावर या एकाच गावातून शंभराहून अधिक माणसे गेली. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने भरतीच्या गावांतून दगडी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला असे : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. जे परतले नाहीत त्यांची नावे काय, ते कोणत्या मुलखात पडले, शत्रूच्या गोळीने गेले की वरिष्ठांच्या चुकीने, याबद्दल दगड गप्प आहे.

महाड-पोलादपूर भागातल्या सैनिकांच्या नोंदी मी बरीच वर्षे जमवतो आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. शिळेवरच्या त्या आकड्याने मला या कामाला लावले. नोंदी शोधताना पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी येऊन थांबावे लागले. युद्धकाळात सरकार कसे वागले याचा जाब वर्तमानपत्रांनी विचारावा, अशी आपली अपेक्षा असते. त्यांनी तो विचारला नाही, किंवा खोटेच छापले, तर त्यांना जाब कोणी विचारायचा? आणि इंटरनेट आल्यापासून या व्यवहारात नेमके काय बदलले?

या लेखात मी एवढेच दाखवू इच्छितो की इंटरनेटने पुरावा लोकांच्या हाती दिला. पण त्या पुराव्याच्या बळावर एकजुटीने उभे राहण्याची जी ताकद आपल्याच वर्तमानपत्रांनी एके काळी दाखवली होती, ती त्याबरोबर आपोआप आली नाही.

१. कूतची बातमी

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ होते. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतले शिपाई कोकणातले आणि देशावरचे. १९१५ च्या नोव्हेंबरात जनरल टाउनशेंड या डिव्हिजनला घेऊन बगदादच्या दिशेने निघाला, टेसिफोनला अडला आणि मागे हटून कूत-अल-अमारा या गावात कोंडला गेला. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनेच संपला. शिपाई आणि बाजारबुणगे मिळून तेरा हजारांच्या आसपास माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतली कित्येक पायपिटीत आणि छावण्यांत मेली.

पराभव युद्धात होतातच. इथे प्रश्न जखमींचा होता. टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना तैग्रिस नदीतून तराफ्यांवर आणि बोटींवर घालून बसऱ्याकडे पाठवण्यात आले. ना पुरेसे डॉक्टर, ना औषध, ना पांघरूण. त्याच दिवसांत वर गेलेल्या सरकारी तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळवलेले होते. बसऱ्याला या बोटी येताना पाहणारा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर कार्टर याने जे दिसले ते लिहून कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दटावले. पुढे लंडनमध्ये मेसोपोटेमिया कमिशन नेमले गेले, कार्टरची साक्ष झाली, १९१७ च्या जूनमध्ये अहवाल छापून प्रसिद्ध झाला आणि जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे जाब विचारला गेला. पण तो लंडनच्या पार्लमेंटात, तिथल्या सभासदांनी आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी विचारला. ज्यांची मुले त्या बोटींवर होती त्यांच्यापर्यंत यातले काय पोहोचले? मुंबईची बोट बाणकोटला लागायची, तिथून खाडीने दासगाव आणि महाड. वर्तमानपत्र आले तरी ते १९१० च्या प्रेस ॲक्टाखाली जामीन भरून चाललेले असे. सरकारला न रुचणारे छापले तर जामीन जप्त, पुढे छापखानाही. त्यात १९१५ चा भारत संरक्षण कायदा आला. रणभूमीवरची बातमी म्हणजे सरकारी पत्रक आणि रॉयटरची तार. ती पडताळून पाहण्याचे दुसरे कोणतेही साधन संपादकापाशी नव्हते. शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे. संपादकाला खोटे बोलायची इच्छा नसली तरी खरे कळण्याची सोय नव्हती, आणि वाचकाला तर संपादकाला प्रश्न विचारण्याचीही नव्हती. गावात शेवटी आला तो आकडा.

२. एक दिवस न निघालेली वर्तमानपत्रे

१० सप्टेंबर १९४२ रोजी महाडला नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. महाडकर दरवर्षी त्यांचे स्मरण करतात. तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, आणि देशातल्या आंदोलनाची बातमी हीसुद्धा युद्धकाळातली बातमी ठरवून दाबली जात होती. त्याच सुमारास विदर्भात जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

चांदा जिल्ह्यातल्या चिमूर गावी १६ ऑगस्ट १९४२ रोजी जमाव खवळला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात पोलीस आणि गोरे सैनिक शिरले. पुरुषांची धरपकड झाली, आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. डॉ. मुंजे आणि अनसूयाबाई काळे यांनी तिथे जाऊन माहिती घेतली. सरकारने चौकशी नाकारली. तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. चौकशी व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती.

सरकारने उपोषणाची बातमी छापायलाच बंदी केली. बातमी तरीही फिरत होती. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार चोरून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत होते. जागा बदलत, पोलिसांना चुकवत त्यांनी वर्तमानपत्रांत न येणाऱ्या बातम्या देशाला ऐकवल्या, चिमूरचीही ऐकवली. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून केंद्र पकडले. सरकारच्या हातातल्या वाटा टाळून बातमी थेट लोकांच्या कानी घालण्याचा हा प्रयत्न जेमतेम तीन महिने टिकला. इंटरनेटचा पूर्वज शोधायचाच तर मी तो इथे शोधतो.

पण बंदी मोडली ती वर्तमानपत्रांनी. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने ठरवले आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरची अनेक वर्तमानपत्रे निघालीच नाहीत. सरकारी किताबांच्या याद्या आणि अधिकाऱ्यांची भाषणे छापायचे बंद करण्याचेही परिषदेने ठरवले. यात सगळे संपादक काही आंदोलनाचे पाठीराखे नव्हते. कित्येकांचा युद्धकार्याला पाठिंबा होता. तरीही बातमी छापण्याच्या हक्कावर ते एक झाले. १२ जानेवारीला बंदी उठली आणि त्रेसष्टाव्या दिवशी भन्साळींनी उपोषण सोडले.

यश पुरे नव्हते. चिमूरच्या स्त्रियांना हवी होती ती चौकशी मिळाली नाही. तरीसुद्धा, ऐन महायुद्धात, पारतंत्र्यात, वर्तमानपत्रांनी स्वतःचे नुकसान सोसून सरकारला एक पाऊल मागे घ्यायला लावले, ही नोंद मोलाची आहे. पुढचा सगळा काळ मी या दिवसाशी ताडून पाहतो.

३. बासष्टचा अहवाल

१९६२ च्या नोव्हेंबरात चीन युद्धातल्या पराभवाची जबाबदारी घेऊन कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य त्या वेळी घरोघर झाले. पराभव कसा झाला हे तपासण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांना नेमण्यात आले. अहवाल झाला, तो ‘अतिगोपनीय’ ठरला, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश तेवढा निवेदनातून सांगितला. तेव्हापासून तो अहवाल कुलुपात आहे.

यानंतर चार दशके वर्तमानपत्रे त्या कुलपाभोवती फिरत राहिली. संरक्षण मंत्रालयासाठी या युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिला गेला. त्याच्या लेखकांत पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये होते. तो १९९२ मध्ये तयार झाला, पण मोजक्या सरकारी कचेऱ्यांपुरता. सर्वसामान्य वाचकाला तो पाहायला मिळाला इंटरनेटवरच. पोलादपुरात बसून मी त्याची पाने संगणकावर उलगडली तेव्हा वाटले, हेच पुस्तक मागायला दिल्लीला गेलो असतो तर फाटकावरच अडवले असते.

हेंडरसन ब्रूक्स अहवालाचे खुद्द काय झाले, ती हकिगत अधिक बोलकी आहे. ‘इंडियाज चायना वॉर’ या पुस्तकाचे लेखक, ब्रिटिश पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्याजवळ अहवालाच्या पहिल्या भागाची प्रत होती. ती प्रसिद्ध करावी म्हणून आपण भारतातल्या मोठ्या वृत्तपत्रांच्या संपादकांकडे गेलो, पण कोणीही तयार झाले नाही, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. अखेर १७ मार्च २०१४ रोजी त्यांनी तो मजकूर आपल्या संकेतस्थळावर टाकला. ते संकेतस्थळ लवकरच भारतातून उघडेनासे झाले. तोवर लोकांनी प्रती उतरवून घेतल्या होत्या आणि त्या दहा ठिकाणी पोहोचल्या होत्या. १९१६ मध्ये एक तार दाबली की बातमी दबत होती. २०१४ मध्ये तेवढ्याने भागले नाही.

मजकूर बाहेर पडल्यावर ज्या वर्तमानपत्रांना तो छापवत नव्हता त्यांनाही त्यावर लिहावे लागले. इंटरनेटने घडवलेला पहिला मोठा बदल मी हाच समजतो : संपादकाने ‘छापायचे नाही’ म्हटले तरी बातमी तिथे संपत नाही, आणि नंतर त्याचा नकारही वाचकाला दिसतो.

यापुढचा भाग मात्र निराश करणारा. २०१० मध्ये काँग्रेसचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की अहवालातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटली यांनी लिहिले की असे अहवाल कायमचे दडवून ठेवणे योग्य नाही. त्याच वर्षी जुलैत तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत म्हणाले की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. पक्ष बदलला, कुलूप तेच राहिले. मजकूर सगळ्यांच्या संगणकावर असूनही सरकारच्या लेखी तो अजून गोपनीयच आहे. पुरावा मिळणे वेगळे आणि जाब मिळणे वेगळे, हे याहून स्पष्ट कुठे दिसायचे?

४. कारगिल आणि त्यानंतर

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. चार वर्षांनी कारगिलचे युद्ध झाले. आपल्या भागात तेव्हा इंटरनेट कोणाकडे नव्हते. मुंबईची वर्तमानपत्रे एस.टी.तून येत, आणि टीव्हीवर बोफोर्स तोफा धडधडताना पाहायला माणसे जमत. शहरांत मात्र एक नवी गोष्ट घडली. लोक पाकिस्तानच्या ‘डॉन’ या वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडून पलीकडे काय छापले जाते ते वाचू लागले. सरकारने विदेश संचार निगममार्फत ते बंद करवले. जाणकारांनी वळसा घालून ते वाचलेच. शत्रुपक्षाचे वर्तमानपत्र खरे सांगत होते असे मुळीच नाही. तिकडचे सरकार तर आपले नियमित सैनिक त्या शिखरांवर आहेत हेच नाकारत होते. पण दोन्हीकडची पत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय, जी कूतच्या वेळी कोणालाच नव्हती, ती पहिल्यांदा वाचकाला मिळाली.

कारगिलमध्ये आपले पाचशेहून अधिक जवान गेले. घुसखोरी इतक्या उशिरा का कळली हे पाहण्यासाठी के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली. बासष्टच्या तुलनेत मोठा फरक हा, की समितीचा अहवाल काही भाग गाळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपाने छापला गेला.

पुढच्याच वर्षी, १३ मार्च २००१ रोजी, ‘तहलका’ नावाच्या संकेतस्थळाने संरक्षण खरेदीतली लाचखोरी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपून देशासमोर मांडली. बनावट कंपनीचे प्रतिनिधी होऊन बातमीदार दलालांना, अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना भेटले होते. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना राजीनामा द्यावा लागला. काही महिन्यांत ते मंत्रिमंडळात परतले. संकेतस्थळाला मात्र चौकशांच्या फेऱ्यात आपली माणसे कमी करत करत गाशा गुंडाळावा लागला. बातमीदारीच्या त्या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही छापखाना नसलेले, वितरण नसलेले एक संकेतस्थळ संरक्षण खात्याला उत्तर द्यायला लावू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसले.

परदेशातही हाच काळ. इराककडे महाविनाशक शस्त्रे आहेत या दाव्यावर २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. शस्त्रे सापडली नाहीत. अमेरिकी वाचक तोवर परदेशी वर्तमानपत्रे घरबसल्या वाचू लागले होते आणि आपल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्या काढून त्यांना प्रश्न विचारत होते. २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वाचकांना उद्देशून निवेदन छापून कबूल केले की त्या काळातल्या आपल्या काही बातम्यांत पुरेशी छाननी झाली नव्हती. २०१० मध्ये ‘विकिलीक्स’ने बगदादमधल्या २००७ सालच्या हेलिकॉप्टर हल्ल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली, त्या हल्ल्यात रॉयटरचे दोन कर्मचारी मारले गेले होते. रॉयटरने ती चित्रफीत माहिती अधिकाराखाली मागितली होती आणि तिला ती मिळाली नव्हती. कूतच्या वेळी जिच्या तारेवर आपली वर्तमानपत्रे विसंबून होती त्याच संस्थेला आपल्या माणसांचे मरण कसे झाले हे एका संकेतस्थळावरून कळावे, यात शंभर वर्षांचा फेरा पुरा झाला.

५. सात महिने आणि एक रात्र

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या हल्ल्याचा दुसरा दिवस. सीमेवर विमानांची चकमक चालू असताना काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. सहा जण हवाई दलाचे आणि एक स्थानिक नागरिक असे सात जण गेले. त्यांत आपल्या नाशिकचे एक तरुण अधिकारी होते. जळत्या अवशेषांच्या चित्रफिती त्याच दिवशी लोकांच्या फोनवर होत्या. हेलिकॉप्टर का पडले हे मात्र अधिकृतपणे कळले ४ ऑक्टोबरला : हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीर केले की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती मोठी चूक होती. मधल्या महिन्यांत काही वर्तमानपत्रांनी ही शक्यता छापली होती. चित्रफीत काही मिनिटांत पोहोचते, कबुलीला सात महिने लागतात. तरी तुलना केली पाहिजे : दलप्रमुखाने उघडपणे ‘आमची चूक’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. बासष्टच्या चुकांची कबुली सारांशापलीकडे गेली नव्हती.

त्याच दिवसांत बालाकोटचा पुरावा म्हणून फोनवरून फिरलेली एक चित्रफीत संगणकावरच्या युद्धाच्या खेळातली निघाली. ती खोटी असल्याचे दाखवून दिले तेही इंटरनेटवर काम करणाऱ्या पडताळणी करणाऱ्यांनीच. विष आणि उतारा एकाच दुकानात मिळू लागले.

२०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयाच्याच संकेतस्थळावर एक कागद आला. त्यात मे महिन्यापासून पूर्व लडाखमध्ये चीनने केलेल्या अतिक्रमणाचा उल्लेख होता. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी करताच ६ ऑगस्टला तो कागद संकेतस्थळावरून नाहीसा झाला. दगडावरचा आकडा निदान खोडता येत नाही. पडद्यावरचे पान एका कळीने जाते. ते होते हे आज सांगता येते, कारण कोणीतरी वेळीच त्याची प्रत ठेवली.

आणि मग मे २०२५. ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना ८ मेच्या रात्री कित्येक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाल्याचे सांगितले. सकाळी यातले काहीही खरे नव्हते. एका वाहिनीच्या निवेदिकेने प्रेक्षकांची माफी मागितली. बाकीच्या बहुतेक जणांनी विषय बदलला. पूंछमध्ये गोळाफेकीत मरण पावलेल्या एका मदरशाच्या शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले. ते खोटे असल्याचे तिथल्या पोलिसांना जाहीर करावे लागले, आणि जूनमध्ये पूंछच्या न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. आपल्याच देशाचा नागरिक, शत्रूच्या तोफगोळ्याने मेलेला; त्याच्या घरच्यांना दुःख बाजूला ठेवून आधी त्याच्यावरचा डाग पुसावा लागला.

उलट बाजूने, ९ मे रोजी ‘द वायर’ हे संकेतस्थळ सरकारी आदेशाने बंद झाले. ‘एक्स’ या कंपनीने सांगितले की आठ हजारांहून अधिक खाती भारतात दिसू नयेत असे आदेश तिला मिळाले आहेत. असे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली निघतात आणि त्याखालच्या नियमांनुसार ते गोपनीय ठेवले जातात. १९१० च्या कायद्यात जामीन जप्त झाला तर हुकूम छापून तरी येत असे. आपली विमाने पडली की नाही, या प्रश्नावर होकार आला ३१ मे रोजी, तोही संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापुरात एका परदेशी वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत. आधी परदेशात आणि मग आपल्याकडे, हा कूतचा क्रम १०८ वर्षांनीही पुरता सुटलेला नाही.

इथे मला ६ जानेवारी १९४३ आठवते. एका संकेतस्थळाचे दार बंद झाल्यावर निषेधाची पत्रके निघाली. पण सगळ्यांनी मिळून एक दिवस छपाई आणि प्रक्षेपण थांबवले, असे झाले नाही. कराचीच्या रात्रीनंतर संपादकांनी एकत्र येऊन आपल्याच व्यवसायाची चौकशी केली, असेही झाले नाही. १९४३ च्या संपादकांकडे पुरावा थोडा होता आणि एकजूट मोठी. आज पुरावा मुबलक आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा, आकाशात उपग्रह, आणि त्याची छायाचित्रे विकत घेऊन कोणीही तपासू शकतो. एकजूट मात्र विरघळली. युद्धाच्या वेळी सगळेच उघड करावे असे माझे म्हणणे नाही. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नयेत ही सूचना रास्तच आहे. फौजी आंबवड्यातली कोणतीही आई हेच सांगेल. पण हालचाल लपवणे आणि चूक लपवणे यांतला फरक ठरवण्याचे काम सरकारवरच सोडून वर्तमानपत्रांनी मोकळे व्हावे, हे तिला मान्य होईल असे मला वाटत नाही.

६. आकड्यामागची नावे

शेवटी पुन्हा शिळेकडे येतो. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव कोरलेले आहे. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. आमच्या गावातला दगड आणि बसऱ्याचा दगड यांची भाषा एकच. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. त्याआधीच आयोगाच्या संकेतस्थळावर नावांची यादी शोधता येऊ लागली होती. त्यात नावापुढे कधी बापाचे नाव, गाव, तालुका आणि ‘कुलाबा’ हा आपला जुना जिल्हा इंग्रजी स्पेलिंगच्या मोडतोडीसह येतो. महाड, पोलादपूर ही अक्षरे त्या यादीत पहिल्यांदा दिसली त्या रात्री मी झोपू शकलो नाही. शंभर वर्षे आकडा असलेला माणूस पुन्हा कोणाचा तरी मुलगा झाला होता.

त्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत, सावित्रीला पूर आला आणि महाड पाण्याखाली गेले. माझी कात्रणांची गाठोडी महाडात एका ओळखीच्या घरी होती. कारगिलपासूनची सगळी कात्रणे चिखलाचा लगदा होऊन बाहेर निघाली. ती पुन्हा जमवावीत म्हणून मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर गेलो, तर जुनी पाने उघडेनात. मजकूर कोणी मुद्दाम काढला असे नाही. जपावा असे कोणाला वाटले नाही, एवढेच. कागदाला पुराची भीती, पडद्याला आदेशाची आणि बेपर्वाईची.

म्हणून मी आता दोन्ही करतो. युद्धकाळातले सरकारी निवेदन आणि त्यावरची बातमी संगणकावर उतरवून ठेवतो आणि एक प्रत कागदावर छापून तारीख घालून फाइलीत लावतो. खोटी ठरलेली बातमी तर आधी लावतो. कराची बंदर पडल्याची बातमी फाइलीत आहे, तिच्यामागेच माफीचे अर्धे पान आहे. ज्यांनी माफी मागितली नाही त्यांच्या बातम्यांमागे कोरा कागद लावून ठेवला आहे. फाइल आता माळ्यावर असते, पुराच्या रेषेच्या वर.